पुष्पकची हुकलेली सफर

बेंगळुरूतल्या चिकपेटेच्या गल्ल्यांत कापडाचा व्यापार आणि शिवणकाम करणारी मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. त्याच शहराच्या पूर्वेला, 1940 साली वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या विमान कारखान्यात, कापडाने मढवलेले एक विमान घडले. सांगाड्यावर कापड घट्ट चढवायचे, त्यावर डोप नावाचे रोगण थरावर थर द्यायचे; सुकताना ते कापडाला आवळते आणि पंख ढोलकीच्या पुडीसारखा ताठ होतो. त्या विमानाचे नाव ‘पुष्पक’. जर्मनीतल्या गटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले मराठी अभियंते डॉ. विष्णू माधव घाटगे त्याच्या आराखड्याचे प्रमुख. 28 सप्टेंबर 1958 रोजी पुष्पक प्रथम उडाले. पुढे दीडशेच्या आसपास पुष्पक तयार झाली, बहुतेक फ्लाइंग क्लबांसाठी. पण पुष्पक सफरीचे विमान झाले नाही. त्याचे कारण विमानात नव्हते, धोरणात होते, असे मला वाटते.

धोरण वेगळे असले तर काय होते, ते फ्रान्समध्ये दिसते. तिथे 1929 साली पोतेझ 36 हे विमान आले. तेही पुष्पकसारखेच शेजारी-शेजारी दोन आसनांचे, वरच्या बाजूला पंख असलेले. हे पंख दुमडून विमान लहानशा जागेत ठेवता येई. तिथल्या सरकारने असे विमान घेणाऱ्या खासगी माणसाला पैशाची मदत केली, आणि 1936 मध्ये हवाईमंत्री पिएर कॉ यांनी सामान्य घरांतल्या तरुणांसाठी ‘लोकविमानविद्ये’ची मोहीम काढली. आपल्याकडेही क्लबांना अनुदान होतेच, पण ते वैमानिक घडवण्यापुरते. शिकलेल्याने पुढे स्वतः उडत कुठे जावे, याचा विचार त्यात नव्हता. पुष्पकचा पल्ला सुमारे 400 किलोमीटर. बेंगळुरूहून कोल्हापूरला जायचे तर वाटेत हुबळीला उतरायचे, एवढेच.

पुष्पक अमेरिकी एरोन्काच्या वळणावर बेतलेले, इंजिनही 90 अश्वशक्तीचे परदेशी कॉन्टिनेन्टल, मग त्याचे कौतुक कशाला, असे कुणी म्हणेल. पण सिद्ध घडण घेऊन ती आपल्या कारखान्यात उतरवणे हा शहाणपणाच होता, आणि घाटग्यांची स्वतंत्र प्रतिभा 1951 च्या एचटी-2 या प्रशिक्षण विमानात आधीच दिसली होती. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: गरीब देशाने हौशी उड्डाणावर पैसा का घालावा? श्रीमंतांच्या हौशीसाठी तो घालू नये, हे मलाही मान्य आहे. मात्र क्लबांच्याच विमानांतून, तासाच्या भाड्यात सवलत देऊन, परवाना मिळालेल्या तरुणांना शहराशहरांत उडू देता आले असते. त्यासाठी नवा कारखाना लागत नव्हता. क्लबांची गरज भागल्यावर दुसरे गिऱ्हाईक उरले नाही, कारण ते तयारच केले गेले नव्हते.