गूळ-चिंचेची भाजलेली कोंबडी आणि आईचे ताट

रविवारी सकाळी हिंगोलीच्या कोणत्याही वस्तीतून एक चक्कर मारावी. कोणाच्या घरी काय शिजणार आहे, हे हातातल्या पिशव्यांवरूनच कळते. आठवडाभर वरण, पिठले आणि भाजीभाकरीवर भागवणाऱ्या घरात रविवारची कोंबडी हा लहानसा सणच असतो. रश्श्याला उकळी फुटली की पोरे स्वयंपाकघराभोवती घिरट्या घालू लागतात. तथापि या सणाच्या दिवशी घरातली एक व्यक्ती मात्र सणाला बसत नाही. ती वाटण वाटते, रस्सा ढवळते, गरम भाकरी एकेकाच्या ताटात टाकते आणि सगळे उठल्यावर पातेल्याच्या तळाशी काय उरले ते पाहते.

आम्ही हे लहानपणापासून पाहत आलो. आम्ही चार भावंडे. एक तंगडी वडिलांना, दुसरी थोरल्याला, मग उतरत्या क्रमाने बाकीच्यांना. आईच्या ताटात मान आणि रस्सा. आईला मानच आवडते अशी आमची पक्की समजूत होती. आम्ही बी.कॉम. झालो, कचेरीत कारकून म्हणून चिकटलो, सभांमधून समतेवर चार शब्द बोलूही लागलो, तरी ही समजूत काही गेली नाही. ती घालवली आमच्या सातवीतल्या मुलीने. एका रविवारी तिने विचारले, "आजी, तुला मानच का गं आवडती?"

आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "उरती म्हणून आवडती, माय."

त्या वेळी तंगडी आमच्या हातात होती. ती घशाखाली उतरली नाही.

पुढच्या रविवारी आम्ही आईला म्हणालो, "आई, आज तू आणि सूनबाई आधी बसा." आई म्हणाली, "मग भाकरी कोण टाकील?" प्रश्न बिनतोड होता. दोष केवळ माणसांचा नव्हता, स्वयंपाकाच्या रीतीचाही होता. रस्सा आणि गरम भाकरी म्हटले की कोणीतरी एक जण उभा राहणारच, आणि तो कोण हे आधीच ठरलेले. तेव्हा असा पदार्थ हवा होता, जो एकदा चुलीवर ठेवला की आपला आपण शिजेल आणि सर्वांना एका वेळी बसता येईल.

वाट मुलीनेच दाखवली. तिने टीव्हीवर मध आणि लिंबू लावून ओव्हनमध्ये भाजलेली गोड-तिखट कोंबडी पाहिली होती. आम्ही म्हणालो, आपल्या घरी ओव्हन नाही आणि मध परवडत नाही. पत्नी म्हणाली, "मध नाही तर गूळ आहे. लिंबू नाही तर चिंच आहे. आणि ओव्हन नाही तर तवा आहे." दोन वेळा फसलो, तिसऱ्यांदा जमले. तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

भाजणे परके नाही

ओव्हन म्हटले की हा श्रीमंतांचा पदार्थ, असे वाटण्याचे कारण नाही. ओव्हन म्हणजे काय, तर चहूबाजूंनी कोंडलेली कोरडी उष्णता. ती आपण पिढ्यानपिढ्या वापरतो. ज्वारीचा हुरडा आगटीत भाजला जातो, रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात. रायगड जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत 'पोपटी' लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी भरून तोंड पाल्यानेच बंद करतात, मडके उपडे ठेवतात आणि भोवती जाळ करतात. तेलाचा थेंब लागत नाही. गरिबाच्या घरी तेल नेहमीच तोलून वापरले गेले. मराठवाड्यातील महार-मांग घरांमधला असा स्वयंपाक शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात २०१५ साली लिहून ठेवला, कारण पाककृतींच्या पुस्तकांत त्याला जागा नव्हती. तेव्हा भाजणे आपलेच आहे. फक्त मडक्याच्या जागी पातेले घ्यायचे.

साहित्यही बहुतेक आपल्याच भागातले आहे. वसमत भागात येलदरी-सिद्धेश्वरच्या पाण्यावर ऊस आणि हळद दोन्ही पिकतात. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जूनच्या सुमारास लावलेली हळद उन्हाळ्याच्या तोंडाशी निघते. ती शिजवून, वाळवून, पॉलिश करून बाजारात जाते. या कामात आपल्या वस्तीतल्या किती बाया राबतात, हे आम्ही सांगायला नको. हळदीने बोटे पिवळी करून दिवेलागणीला घरी परतणाऱ्या बाईने पुन्हा दोन तास चुलीपाशी उभे राहू नये, हाही या पदार्थामागचा एक हेतू आहे.

साहित्य (पाच माणसांसाठी)

हाडांसह कोंबडी १ किलो, तुकडे मोठे, रताळी अर्धा किलो, कांदे ३ मोठे, आले-लसणाचे वाटण २ मोठे चमचे, हळद १ चहाचा चमचा, लाल तिखट २ चहाचे चमचे, काळा मसाला १ चहाचा चमचा, मीठ २ चहाचे चमचे सपाट, करडईचे किंवा घरात असेल ते तेल २ मोठे चमचे, गूळ ५० ग्रॅम, लिंबाएवढी चिंच, असल्यास एक चमचा भाजलेले तीळ.

एक हिशोबाची गोष्ट. दोन किलो वजनाची जिवंत ब्रॉयलर कोंबडी कापून साफ केल्यावर साधारण तेराशे ते चौदाशे ग्रॅम भरते. म्हणून दुकानदाराने सांगितलेला भाव जिवंत वजनाचा की साफ केलेल्या मांसाचा, हे आधी विचारावे. काळीज आणि मान मागून घ्यावी, सोडू नये.

कृती

कोंबडी धुताना पाणी उडू देऊ नये. कच्च्या मांसाचे शिंतोडे भाकरीवर किंवा कोशिंबिरीवर पडले तर पोट बिघडते. नंतर हात आणि विळी साबणाने धुवावी. तुकड्यांना सुरीने दोन-दोन चिरा द्याव्या. मीठ, हळद, तिखट, काळा मसाला, आले-लसूण आणि एक चमचा तेल चोळून तासभर झाकून ठेवावे. उन्हाळ्यात अर्धा तास पुरे.

चिंच वाटीभर कोमट पाण्यात भिजवून कोळ काढावा. त्यात गूळ विरघळवून मंद आचेवर मधासारखा दाट होईपर्यंत आटवावा. हा पाक वेगळा ठेवावा.

जाड बुडाचे पातेले घ्यावे. पितळेचे असेल तर कल्हई केलेलेच हवे, नाहीतर चिंचेने पदार्थ कळकतो. तळाला उरलेले तेल लावून कांद्याच्या जाड चकत्या पसराव्या, त्यावर रताळ्याचे मोठे तुकडे चिमूटभर मीठ लावून ठेवावे आणि सर्वांत वर कोंबडी मांडावी. काळीज आत्ता घालू नये. पाणी मुळीच घालू नये. कांद्याला आणि कोंबडीला सुटते तेवढे पुरते.

गॅसवर आधी लोखंडी तवा तापवावा, त्यावर पातेले ठेवावे आणि घट्ट झाकण लावून कडेने कणीक लिंपावी. आच मंद. चूल असेल तर खाली थोडेच निखारे आणि झाकणावरही चार निखारे ठेवावे, म्हणजे वरूनही भाजले जाते. ३५ मिनिटे झाकण उघडू नये. याच वेळात भाकरी थापून फडक्यात गुंडाळून ठेवाव्या.

मग झाकण काढावे. सुटलेले पाणी जास्त असेल तर आच वाढवून आटवावे. काळीज आता घालावे आणि पाक सर्व तुकड्यांवर ओतून १५ मिनिटे उघडेच ठेवावे. मधून दोन-तीनदा तुकडे हलक्या हाताने उलटावे. पाक तुकड्यांना चिकटून चकाकू लागला की तीळ भुरभुरावे आणि उतरवावे.

ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी तो २०० अंशांवर आधी तापवून घ्यावा आणि तेवढाच वेळ धरावा. गावरान कोंबडी असेल तर अर्धा पेला पाणी घालून दीड-दोन तास लागतात.

आम्ही कुठे फसलो

पहिल्या वेळी आम्ही गूळ सुरुवातीलाच चोळला. कोंबडी कच्ची आणि तळ काळा, असा प्रकार झाला. साखर असो की गूळ, मांस शिजण्याआधीच तो करपतो. म्हणून गोड शेवटी. दुसऱ्या वेळी चिंच आधी घातली, तर रताळी तासभराने दडदडीतच. आंबटात कंद लवकर शिजत नाही. डाळीत चिंच आपण डाळ शिजल्यावर घालतो, ते याचसाठी. म्हणजे आंबटही शेवटी. आई बाजूला बसून हे सारे पाहत होती. दुसऱ्या वेळी ती एवढेच म्हणाली, "विचारलं असतं तर सांगितलं असतं." तिला विचारावे हे आम्हाला सुचलेच नव्हते.

कोंबडी शिजली की नाही हे मांडीच्या जाड भागात सुरी खुपसून पाहावे. येणारा रस स्वच्छ असावा, लालसर नसावा. २०२१ च्या जानेवारीत शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात बर्ड फ्लू निघाला, तेव्हा लोकांनी भीतीने कोंबडी खाणे सोडले होते. पूर्ण शिजलेल्या मांसात तो विषाणू टिकत नाही. आतपर्यंत ७० अंश उष्णता पोहोचली की तो मरतो. मात्र आजारी किंवा मेलेली कोंबडी स्वस्तात मिळते म्हणून घरात आणू नये.

वाटणी

आता मुख्य मुद्दा. भाकरी झालेल्या, पातेले मध्ये, सारे भोवती. कोणी उभे नाही. पण एवढ्याने वाटणी आपोआप सरळ होत नाही. पहिल्या दिवशी आईने वाढायला हात पुढे केला आणि तंगडी पुन्हा आमच्या ताटाकडे निघाली. हात सवयीचा, त्याला काय माहीत! तेव्हा मुलीने कॅलेंडर काढले आणि प्रत्येक रविवारी दोन नावे लिहिली. कोंबडीला तंगड्या दोन, माणसे पाच; तिसऱ्या रविवारपर्यंत प्रत्येकाचा नंबर लागतो. हिशोब कारकुनालाही मान्य होण्यासारखा होता. पहिले नाव आजीचे होते. मान आमच्याकडे आली. मान वाईट लागत नाही, पण तीवर मांस फार थोडे असते, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

काळजाचा नियम मात्र वेगळा केला. कोंबडीच्या मांसापेक्षा काळजात लोह कितीतरी पट अधिक असते, आणि रक्त कमी असण्याची तक्रार आपल्याकडे बायकांत आणि वयात येणाऱ्या मुलींत जास्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. राबणारीच्या ताटात मान आणि रस्सा गेला, तर रक्त कुठून यायचे? म्हणून काळीज मुलीला आणि तिच्या आईला. वर लिंबू पिळावे; लिंबाने लोह अंगी लागायला मदत होते. एका कोंबडीने रक्तक्षय जात नाही, हेही खरे. पालेभाजी, डाळ, अंडी आणि दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या हव्यातच. पण घासाची वाटणी सरळ होण्याची सुरुवात कुठून तरी व्हावी लागते.

पौर्णिमा सोडून कोणत्याही सुटीच्या दिवशी हा बेत करावा. पुरुष मंडळींनी स्वतः करावा. यात थापणे-लाटणे नाही, चुकण्याच्या जागा दोनच आहेत आणि त्या वर सांगितल्या आहेत. भाकरी जमत नसेल तर रताळी जास्त घालावी, पोट भरते.

त्या रविवारी आईने तंगडी हातात घेतली, दोनदा फिरवून पाहिली आणि नातीला म्हणाली, "अर्धी घे." नात म्हणाली, "माझा नंबर पुढच्या रविवारी आहे, आजी. तू खा." आईने खाल्ली. सावकाश, हाडापर्यंत. मग बोटाला लागलेला पाक चाटून म्हणाली, "गूळ जरा कमी टाका पुढच्या वेळी."

आम्ही तेव्हापासून ४० ग्रॅम टाकतो.