चितीतल्या विटा, राशीतलं भात

काशीद मागे टाकून मुरुडकडं निघालं की नांदगाव लागतं. सिद्धिविनायकाचं दर्शन घेऊन लोक जंजिऱ्याकडं वळतात. ‘ग्रहलाघव’कार गणेश दैवज्ञांचं हे गाव. त्यांचं नंदिग्राम देवगिरीजवळचं, असंही छापलं गेलं आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ते कोकणातलं मानलं, आणि मला त्यांचंच म्हणणं पटतं.

‘ग्रहलाघवा’वर पुष्कळ लिहिलं गेलं. माझा जीव वर्षानुवर्षं गुंतलाय तो ‘बुद्धिविलासिनी’त. ‘लीलावती’वरची ही १५४५ची टीका दत्तात्रेय विष्णु आपटे यांच्या संपादनाखाली पुण्याच्या आनंदाश्रमानं १९३७ साली छापली. ‘लीलावती’त भास्कराचार्य रीत सांगून पुढं जातात. ती का चालते, ते गणेश दैवज्ञ उलगडतात. वर्तुळाचं क्षेत्रफळ पटवताना ते त्याच्या फाका करून एकमेकींत बसवतात.

‘लीलावती’तला घनहस्त म्हणजे तिन्ही बाजूंनी एकेक हात, बारा कडांचा ठोकळा. धान्य मोजायची मागध खारी ती हीच. शिष्यवृत्ती परीक्षेतला रंगवलेला ठोकळा २७ तुकड्यांत कापला, की दोन बाजू रंगलेले १२ तुकडे निघतात, ते या बारा कडांवरचेच.

आता चितीचं, म्हणजे रचलेल्या विटांच्या ढिगाचं उदाहरण. वीट १८ अंगुळं लांब, १२ रुंद, ३ जाड. चिती ८ हात लांब, ५ रुंद, ३ उंच. हात २४ अंगुळांचा. घनफळ १२० घनहस्त, एका विटेचं ३/६४; म्हणून विटा २५६० आणि थर २४. उत्तर चोख आहे. पण २५६० ला २४ नं भागून पाहा: प्रत्येक थरात १०६ पूर्णांक दोन तृतीयांश विटा! अख्ख्या विटांनी असा थर भरतच नाही, गवंड्याला विटा तोडाव्याच लागतात. घनफळ जुळलं म्हणजे रचना जमली असं नव्हे, हे मुलांना याच उदाहरणावरून शिकवायला हवं.

राशीचं गणित तर या भातपिकाच्या किनाऱ्याचंच. कुसळाच्या धान्याच्या राशीची उंची परिघाच्या नवव्या हिश्शाइतकी धरायची; परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करून उंचीनं गुणायचं. ६० हात परिघाच्या राशीत ६६६ पूर्णांक दोन तृतीयांश खाऱ्या येतात. या रीतीत परिघ व्यासाच्या तिप्पट धरलेला आहे. ३९२७/१२५० हे सूक्ष्म गुणोत्तर त्याच ग्रंथात दिलेलं आहे. ते लावलं तर खाऱ्या ६३७च्या आत राहतात. खळ्यावर स्थूल हिशेब सोयीचा, हे मान्य. पण राशीच्या मापावरून वाटा ठरत असेल, तर नसलेल्या ३० खाऱ्यांवरच्या वाट्याचा भार कुळावर पडतो. दीड फुटाचा हात धरला, तर हा फरक आजच्या एका ब्रासएवढा भरतो.