उपहास आणि अधाशीपणा : काही जर्मन व इंग्रजी शब्दांच्या निमित्ताने

इंग्रजी कोशात 'स्कॉफ' हा शब्द पाहू गेल्यास बहुधा दोन स्वतंत्र नोंदी आढळतात. एकीचा अर्थ उपहास करणे, तर दुसरीचा अधाशासारखे खाणे. दोन्ही क्रिया मुखाच्या असल्याने एकीतून दुसरी निघाली असावी, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. मात्र तो आवरावयास हवा. उपहासवाचक 'स्कॉफ' मध्ययुगीन इंग्रजीतील असून तो बहुधा स्कँडिनेव्हियन भाषांतून आला आहे. भक्षणवाचक 'स्कॉफ' त्यामानाने अर्वाचीन आहे. त्याचा संबंध 'स्कॅफ' या बोलीरूपाशी जोडतात. अन्न या अर्थाच्या नामाचा संबंध मात्र दिवसाचा चौथा हिस्सा व त्यावरून त्या वेळचे जेवण दाखविणाऱ्या डच शब्दाशी लावला जातो. दोन शब्द एका उच्चारात येऊन भेटले, एवढेच. ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती सांगण्याची आपल्याकडील जुनी हौस पाहता हे उदाहरण वर्गात आवर्जून सांगावे असे आहे.

असे असले तरी या दोन अर्थक्षेत्रांचे नाते सर्वस्वी काल्पनिक नाही. 'सार्कॅझम' हा शब्द ज्या ग्रीक क्रियापदातून आला, त्याचा मूळ अर्थ मांस फाडणे असा आहे. जर्मनमध्ये खोचक बोलणाऱ्यास 'बिसिश' म्हणतात. ते विशेषण 'बाइसेन', म्हणजे चावणे, या धातूपासून झाले. इंग्रजी 'बाइट' त्याचेच भावंड आणि संस्कृत 'भिद्' हाही त्याच कुळातील. मराठीत आपण एखादी टीका 'मर्मभेदक' म्हणतो तेव्हा त्या दाताचा वळ नकळत उमटतो. आपले 'तोंडसुख घेणे' आणि 'खरपूस समाचार घेणे' हे प्रयोगही या संदर्भात विचारात घ्यावेत. पहिल्यात निंदा ही जिभेची चैन ठरते आणि दुसऱ्यात ती चुलीवर भाजून निघते.

अधाशीपणाच्या बाजूने पाहिले तर जर्मन भाषेची व्यवस्था अधिक उद्बोधक आहे. तेथे माणूस खातो त्यास 'एस्सेन' आणि पशू खातो त्यास 'फ्रेस्सेन' म्हणतात. पिण्यासाठीही 'ट्रिंकेन' आणि 'झाउफेन' अशीच जोडी आहे. मांजराविषयी 'फ्रेस्सेन' म्हटले तर त्यात निंदा नसते, ते साधे विधान असते. तेच क्रियापद माणसाला लावले की उपहास झाला. वेगळ्या विशेषणाची गरज उरत नाही.

'फ्रेस्सेन'ची घडण पारदर्शक आहे. 'एस्सेन'ला 'पूर्णपणे' या अर्थाचा जुना उपसर्ग लागून निःशेष खाणे, फस्त करणे असा अर्थ सिद्ध झाला. 'एस्सेन', इंग्रजी 'ईट' आणि संस्कृत 'अद्' हे एकाच धातूचे वंशज. आपले 'अन्न' त्याच 'अद्'चे. मग 'फ्रेस्सेन'चे इंग्रजी भावंड कोठे गेले? ते 'फ्रेट' या रूपात टिकून आहे. (इंग्रजी 'ट'च्या जागी जर्मन 'स्स' येतो, हा वर्णबदल 'वॉटर' व 'वासर' या जोडीतही दिसतो.) जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ गिळंकृत करणे हाच होता. पुढे कसरीने वस्त्र कुरतडणे, गंजाने लोखंड खाणे असे अर्थ वळण घेत गेले आणि आज ते क्रियापद मुख्यत्वे चिंतेने झुरण्यासाठी वापरले जाते. खादाड पशूचा शब्द मनाच्या व्यथेला लागला, याचे मराठी वाचकास नवल वाटू नये. आपले 'मन खाते', काळजी आपल्याला 'पोखरते'.

भाषांतरकाराची खरी कसोटी येथे लागते. ब्रेख्तने 'ड्रायग्रोशनओपर' (१९२८) या नाटकात पोट आणि नीती यांचा अग्रक्रम सांगताना माणसांसाठी हेतुतः 'फ्रेस्सेन'चेच नामरूप योजले आहे. उपाशी माणसाला पशूच्या पंक्तीला बसविणाऱ्या समाजाची कुचेष्टा त्या एका शब्दात आहे. मॅनहाइम व विलेट यांच्या इंग्रजी भाषांतरात तेथे 'फूड' हा साधा शब्द येतो. आशय पोहोचतो, दात मात्र राहत नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'मुळे (१९७८) हे नाटक मराठी रंगभूमीस परिचित आहे, म्हणून प्रश्न आपलाही आहे. विद्यार्थी येथे 'खाणे' लिहून मोकळे होतात. ते चूक नाही, पण पुरेसेही नाही. मराठीत कुत्रेही खाते आणि माणूसही खातो. त्यामुळे जर्मनसारखी जोडी आपल्याजवळ नाही. 'चरणे' गुरांचे असल्याने जवळ येते, पण 'दिवसभर चरत असतो' यात थट्टेचा सूर अधिक, तिरस्कार कमी. 'हादडणे', 'ओरपणे', 'ताव मारणे' यांत तर खाणाऱ्याविषयी थोडे कौतुकही डोकावते. उरते 'गिळणे'. हे क्रियापद पशूचे नव्हे. साप गिळतो तसे माणूसही औषधाची गोळी गिळतो. तथापि घरातील रागावलेली व्यक्ती ताट सरकवून 'गिळा आता' म्हणते, तेव्हा जेवणाऱ्याचे माणूसपण क्षणभर काढून घेतले जाते. 'फ्रेस्सेन'चा डंख मराठीत उतरवायचा झाल्यास, माझ्या मते, हेच क्रियापद प्रथम चाचपून पाहावे.