पाडव्याला यजमान गाडीवर असतील तर…

नाशिकचा कांदा दिल्लीला न्यायचा म्हणजे बाराशे किलोमीटरच्या वर रस्ता. नरकचतुर्दशीला आपण घरात उटणं लावत असतो, तेव्हा ट्रकवाले ढाब्यामागच्या हौदावर दोन तांबे अंगावर घेऊन इंदूरकडे निघालेले असतात.

तुमचे यजमान ट्रकवर असतील, तर फराळ जरा विचारानं बांधा. लाडू बेसनाचे द्या. ओल्या नारळाचे प्रवासात टिकत नाहीत. चिवडा, शंकरपाळे एकाच मोठ्या डब्यात नकोत. सारखं झाकण उघडलं की सादळतात. लहान लहान डबे करा. क्लीनरच्या वाटणीचंही घाला बरं, त्या पोराचीही दिवाळीच की!

आणि "काही करून पाडव्याला या" असं फोनवर मुळीच म्हणू नका. १९६१ च्या कायद्यानं मोटार कामगारांना दिवसाचे आठ तास ठरवून दिले होते. पण माल मुदतीत पोचवायचा असला की तो हिशेब कोण ठेवतो? त्यात घरची ओढ! मग माणूस झोप मारून गाडी हाकतो, नि पहाटे डोळा लागायला क्षण पुरतो. त्यापेक्षा "रात्री झोपलात का?" एवढं विचारा. ओवाळायचं काय, ते घरी येतील त्या दिवशी पाट मांडा. सासूबाई थोड्या कुरकुरतील, कुरकुरू द्या.