किरकोळ तक्रार कोणाच्या दृष्टीने किरकोळ?

१५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय अस्तित्वात आले, तेव्हा पुणे शहर पोलिसांकडून आलेल्या ठाण्यांत वाकड होते आणि ग्रामीण पोलिसांकडून आलेल्यांत चाकण. एकीकडे हिंजवडीच्या संगणक कंपन्यांतील नोकरदारांची उंच गृहसंकुले, दुसरीकडे कंत्राटी कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या. या दोहोंच्या हाकेला धावणारे पोलीस दल मात्र एकच. महापालिकेची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे १० लाख होती, ती २०११ मध्ये १७ लाख २७ हजारांवर गेली. त्यानंतर भूमकर चौकापासून डांगे चौकापर्यंत जे उभे राहिले, ते डोळ्यांनी पाहणाऱ्यास निराळ्या आकडेवारीची गरज नाही.

अशा शहरात प्रत्येक दूरध्वनीला पोलिसांनी जातीने हजर व्हावे, ही अपेक्षा रास्त वाटली तरी पुरी होणारी नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रात ११२ हा एकच आपत्कालीन क्रमांक सुरू झाला आणि पोलिसांना हाक मारणे पूर्वीपेक्षा पुष्कळच सोपे झाले. ज्या सेवेला किंमत नाही तिच्यापुढे रांग लागते, हा अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा धडा आहे. अपघात, दरोडा, रात्री दोन वाजता वाजणारा ध्वनिक्षेपक, वाहनतळावरील जागेचे भांडण, हे सारे त्याच एका रांगेत येऊन उभे राहते. तेव्हा कोणाला तरी थांबावे लागणार, याविषयी वाद नाही. थांबावयाचे कोणी आणि ते ठरवावयाचे कोणी, एवढाच वादाचा विषय आहे.

पाश्चात्त्य देशांनी हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीच हाती घेतला. अमेरिकेतील कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये गस्तीविषयी प्रसिद्ध प्रयोग झाला, तर १९७७ मध्ये पोलीस किती वेळात पोहोचतात याचा अभ्यास झाला. त्यात असे आढळले, की बहुसंख्य गुन्हे घडून गेल्यानंतरच उघडकीस येतात आणि कळविण्यात नागरिकाकडून होणारा विलंबच अधिक महत्त्वाचा ठरतो. म्हणजे गाडी भरधाव पाठवूनही चोर सापडावयाचा नाही तो नाहीच. पुढे ऐंशीच्या दशकाच्या आरंभी गार्डन ग्रोव्ह, ग्रीन्सबरो आणि टोलेडो या तीन शहरांत तक्रारींची प्रतवारी करण्यात आली. काही तक्रारी दूरध्वनीवरच नोंदविल्या, काहींना उशिराची वेळ दिली. तक्रारदार यामुळे फारसे नाराज झाले नाहीत. पोलीस उशिरा येणार, हे त्यांना आधी सांगितले जात होते. उशिरापेक्षा अनिश्चितता माणसाला अधिक जाचते, हे आपल्याकडील बसथांब्यावरील कोणीही सांगेल!

इंग्लंडचा अनुभव याच्या उलट बाजूचा आहे. तेथे घरफोडीच्या तक्रारींनाही अनेकदा कोणी फिरकेनासे झाले आणि लोकांचा विश्वास इतका खालावला, की ऑक्टोबर २०२२ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधील सर्व ४३ पोलीस दलांना ‘यापुढे प्रत्येक घरफोडीच्या जागी आम्ही जाऊ’ असे जाहीर वचन द्यावे लागले. प्रतवारी ताणली की ती कोठे तुटते, हे यावरून कळते.

आपल्याकडे ही प्रतवारी आयुक्तांच्या एखाद्या परिपत्रकापेक्षा कायद्यातच अधिक दडलेली आहे. दखलपात्र आणि अदखलपात्र हे दोन शब्द प्रत्येक ठाण्याच्या उंबरठ्यावर उभे असतात. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच तो नोंदविणे पोलिसांना बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात निःसंदिग्ध सांगितले. अदखलपात्र गुन्ह्यात मात्र दंडाधिकाऱ्याच्या आदेशाविना पोलिसांना तपासच करता येत नाही. नोंद करावयाची आणि तक्रारदाराला न्यायालयाची वाट दाखवावयाची, एवढेच उरते. या नोंदीला व्यवहारात ‘एनसी’ म्हणतात, आणि हातात ‘एनसी’चा कागद पडला की तक्रार संपली, हे सामान्य माणसाला चांगले ठाऊक असते.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या फौजदारी कायद्यांनी या रेषेची जागा बदलली, आणि तिची चर्चा व्हावी तितकी झाली नाही. जुन्या संहितेत चोरी ही चोरी होती, मग ती कितीची का असेना, ती दखलपात्रच. आता चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांहून कमी असेल तर तो गुन्हा अदखलपात्र ठरतो. वरवर पाहता हे शहाणपणाचे आहे. पण ५,००० रुपये म्हणजे कोणाचे ५,००० रुपये? वाकडच्या संकुलातील अभियंत्याच्या दृष्टीने ती एका संध्याकाळच्या जेवणाची रक्कम असू शकेल. त्याच संकुलात चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचा जुना मोबाइल चार हजारांचा असतो, आणि कामाचे निरोप, मुलाच्या शाळेचे निरोप, बँकेचा व्यवहार, सारे त्याच्यात असते. ज्याच्याजवळ कमी आहे त्याला शेवटच्या रुपयाचे मोल अधिक, हे तत्त्व आम्ही वर्गात आलेख काढून शिकवितो. कायद्याने नेमके त्याच्या विरुद्ध माप धरले आहे: मालाची बाजारातील किंमत मोजली, गमावणाऱ्याची झळ मोजली नाही. शिवाय ही मर्यादा रुपयांत गोठविलेली आहे. महागाईबरोबर ती आपोआप बदलणारी नाही.

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. साधी मारहाण हीदेखील अदखलपात्रच. शेजाऱ्यांनी रात्री ११२ फिरवून ‘वरच्या मजल्यावर आरडाओरडा चालू आहे’ असे कळविले, तर ती तक्रार आवाजाची की बाईच्या जिवाची, हे यंत्राच्या पडद्यावरून कळत नाही. दारात उभ्या राहिलेल्या शिपायाला ते क्षणात कळते. पत्नीचा छळ हा दखलपात्र गुन्हा आहे खरा. पण पोलीस घरात डोकावलेच नाहीत, तर छळ ‘किरकोळ भांडण’ या रकान्यातच राहील.

‘तक्रारी संगणकावरून घ्या, पोलिसांचा वेळ वाचेल’ असे सुचविले जाते. नव्या संहितेने तशी सोय केलीही आहे. इलेक्ट्रॉनिक मार्गाने कळविलेल्या खबरीवर तीन दिवसांत सही करावी लागते. हरवलेल्या मोबाइलसाठी २०२३ पासून ‘संचार साथी’ आहे, सायबर फसवणुकीसाठी १९३० क्रमांक आहे. या सोयी चांगल्याच आहेत. मात्र पोलिसांची फेरी वाचली म्हणजे खर्च वाचला, असा हिशेब करणे चूक होय. तो खर्च तक्रारदाराच्या खात्यावर गेला. संगणकापुढे बसणाऱ्याला तो दहा मिनिटांचा. चाकणच्या पाळीवरील कंत्राटी कामगाराला चौकीची खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी.

ग्रामीण महाराष्ट्राने याच प्रश्नाला निराळे उत्तर शोधले होते. गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या काळात, १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. किरकोळ तंटे गावातच मिटवावयाचे, ही तिची कल्पना. गावच्या दडपणाखाली दुबळ्याने माघार घेण्याचा धोका तीत होताच. तरीही पोलीस येणार नाहीत तेथे दुसरे कोण येणार, एवढा विचार तरी तीत होता. वाकडसारखे गाव शहरात विरघळले, की पोलीस पाटील जातो, पार जातो, आणि त्यांच्या जागी संकुलाच्या फाटकावरचा सुरक्षारक्षक तेवढा येतो.

तेव्हा प्रतवारी करावीच, पण ती उघडपणे करावी. कोणत्या तक्रारीला पोलीस तासाभरात येतील, कोणत्या उद्या आणि कोणत्या केवळ नोंदविल्या जातील, हे मराठीत छापून प्रत्येक ठाण्यावर लावावे. एकाच पत्त्यावरून दुसऱ्यांदा आलेली हाक किरकोळ मानू नये. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना मुदत आणि ती टळल्यास अपील दिले आहे. अदखलपात्र तक्रारीच्या पहिल्या उत्तराला तीच मुदत लावण्यास कोणती अडचण आहे, ते गृहखात्याने सांगावे. आणि किती हाका आल्या, किती ठिकाणी कोणी गेले, हा आकडा ठाणेवार दरमहा प्रसिद्ध व्हावा, म्हणजे संकुलाच्या फाटकापाशी गाडी किती वेळा थांबली आणि पत्र्याच्या खोल्यांपाशी किती वेळा, याची तुलना वाकडच्या रहिवाशांना स्वतःच करता येईल.