उंबरठ्यावरचा कायदा (१४) : मुराळी

घरगुती हिंसाचाराच्या कायद्यातल्या कलम १२ च्या अर्जापाशी आपण गेल्या आठवड्यात थांबलो होतो. पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा सांगतो. त्या साठ दिवसांचं कोर्टात प्रत्यक्षात काय होतं ते आज सांगणार होतो. ते पुढे ढकलतोय. चिखली तालुक्यातून एक पत्र आलंय आणि ते वाचल्यापासून मला दुसरं काही लिहवत नाही.

वहीची दोन पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. लिहिणाऱ्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न चार वर्षांपूर्वी झालं. राखीला तो स्वतः तिला आणायला गेला होता. आईने तिच्या पाठीवरचे वळ पाहिले. मामांनी दोन्हीकडची चार माणसं बसवली, प्लॉटच्या पैशांचा विषय दिवाळीपर्यंत मिटवू असं ठरलं, आणि चौथ्या दिवशी वडिलांनी मुलीला एसटीत बसवून दिलं. पोळ्यानंतर ती विहिरीत सापडली. गुन्हा दाखल झालाय, नवरा आणि सासरा अटकेत आहेत. पण पत्र त्यांच्याबद्दल नाहीच. मामा म्हणतात बापाने धाडली, आई म्हणते मामाने बैठक बसवली नसती तर पोरगी घरात असती, वडील जेवत नाहीत. आणि शेवटी एक ओळ : ‘साहेब, गुन्हेगार कोण? ते का आम्ही?’

आधी कायद्याचं उत्तर देतो, कारण ते सरळ आहे. माहेरचे लोक गुन्हेगार नाहीत. मुलीला परत पाठवणं हा आपल्या कायद्यात गुन्हा नाही. पूर्वीच्या दंड प्रक्रिया संहितेत कलम ३९ होतं, आता नव्या संहितेत ३३ आहे. काही ठरावीक गुन्ह्यांची माहिती कळली तर ती पोलिसांना द्यायलाच हवी, असं बंधन ते प्रत्येक नागरिकावर घालतं. खून, दरोडा त्या यादीत आहेत. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ नाही. सासरच्या घरातल्या बघ्यांबद्दलही फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणातल्या एका खटल्यात स्पष्ट सांगितलं : घरातली काही माणसं हिंसेकडे डोळेझाक करतात, मदतीला येत नाहीत, पण एवढ्यावरून ती हिंसा करणारी ठरत नाहीत, त्यांचा सहभाग किंवा चिथावणी दिसायला हवी. मला हा निकाल पटतो. ज्याने हात उचलला त्याचा गुन्हा बाकीच्यांत वाटत गेलो, तर त्याच्या वाट्याला कमीच येत जातो. चिखलीच्या त्या घरात आज तेच चाललंय. मामा, आई आणि बाप आपसांत दोष वाटून घेताहेत, आणि त्या वाटणीत जावयाचं नावच निघत नाही.

पण एवढं सांगून पत्र मिटवता येत नाही. कायदा शिक्षा देत नाही म्हणून आपला हिशेब संपला, असं मला स्वतःबद्दल म्हणता आलेलं नाही.

वकिलीची पहिली काही वर्षं असतील. मोताळा तालुक्यातल्या एका गावी बैठकीला गेलो होतो. मुलीकडचे ओळखीचे, ‘तुम्ही असलं म्हणजे कागद पक्का होईल’ म्हणाले. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ च्या १५ ऑगस्टला सुरू झाली, त्याच्या पुढचीच ही गोष्ट. गावाला पुरस्कार हवा होता, त्यामुळे तंटा मिटवायची घाई सगळ्यांनाच. ओसरीवर सतरंजी, चहा, पोलीस पाटील, समितीचे अध्यक्ष, दोन्हीकडचे मामे. ‘भांड्याला भांडं लागतंच’ हे वाक्य मी त्या दुपारी निदान पाच वेळा ऐकलं. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर मीच मजकूर सांगितला : यापुढे मारहाण करणार नाही, नीट नांदवीन, मागचं उकरणार नाही. सगळ्यांच्या सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून माझीही. कागदाची घडी घालताना आतल्या दारातून ती म्हणाली, ‘माही सही नाही लागत काय?’

कुणी हसलं, कुणी म्हणालं, ‘तुह्यासाठीच तं आहे हे सारं.’ मीही काही बोललो नाही. अडीच महिन्यांनी ती सरकारी दवाखान्यात भेटली, डावा हात प्लॅस्टरमध्ये. ती वाचली, नंतर वेगळी झाली, आज शिवणकामावर तिचं घर चालतं. पण तो कागद माझ्या डोक्यातून गेला नाही. हात त्या माणसानेच मोडला, माझ्या सहीने नाही. तरी ज्या घरात तो मोडला त्या घरी ती पोचली, त्या वाटेवर माझी सही होती. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसत नाही.

आता माझ्या आवडीच्या शब्दाकडे येतो. मुराळी. लग्न झालेल्या मुलीला सणाला माहेरी आणायला जो जातो तो मुराळी. बहुतेक भाऊ, नाहीतर काका किंवा मामा. मलकापूर, जळगाव जामोदकडे खानदेशासारखी आखाजीला त्याची वाट बघायची, इकडे घाटावर राखीला आणि दिवाळीला. आपण हे सगळं मायेच्या खात्यात जमा केलं, पण मुराळी तपासणीलाही जायचा असं मला वाटतं. तो मुक्काम करायचा. बहीण कितव्या पंगतीला बसते, ताटात काय असतं, सासूचा आवाज चढला की ती कशी दचकते, हे तो बघायचा. परतीच्या बैलगाडीत, शिवार ओलांडल्यावर, ती बोलायची. जात्यावरच्या ओव्यांत भावाची वाट आणि सासुरवास हे दोन विषय किती आहेत ते पाहा. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी जमवलेल्या ओव्या लाखाच्या वर आहेत. जातं पहाटे सासरच्याच घरात फिरायचं, म्हणजे तिच्या छळाचं गाणं त्या घरात निजलेल्या प्रत्येकाच्या कानावर पडत होतं. आजूबाजूला कळत नव्हतं, असं आपल्याकडे कधी नव्हतंच.

मुराळ्याने पाहिलं. पुढे काय करायचं, हे मात्र रीतीने त्याला शिकवलं नाही. सण झाला की परत पोचवायचं, एवढंच. आता तर तपासणीही उरली नाही. व्हिडिओ कॉलवर आई विचारते ‘बरी हायेस ना?’ आणि फोन धरलेला असतो नणंदेने.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) हिंसा सोसलेल्या बायकांपैकी १४ टक्क्यांनीच मदत मागितली होती. ७७ टक्क्यांनी मदतही मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. मदत मागणाऱ्या सर्वांत जास्त गेल्या त्या माहेरी, पोलिसांकडे फार थोड्या. म्हणजे चिखलीची ती मुलगी मदत मागणाऱ्या त्या १४ टक्क्यांतली होती. तिने योग्य दार ठोठावलं होतं.

कायद्यालाही हे दार माहीत होतं. डिसेंबर १९८३ मध्ये ४९८-अ आलं, आज ते भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आहे. त्याच्याबरोबर आलेली एक तरतूद कुणी वाचत नाही. या गुन्ह्याची कोर्टात फिर्याद कोण करू शकतं? ती स्वतः, तिचे वडील, आई, भाऊ, बहीण, आणि आईवडिलांचे भाऊ-बहीण. मराठीत म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी. बाकीच्या नातेवाइकांनाही कोर्टाच्या परवानगीने करता येते. दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांनी आपला मुराळी नात्यानिशी त्यात घातलाय! आणि २००६ च्या ऑक्टोबरात लागू झालेला घरगुती हिंसाचाराचा कायदा आणखी पुढे गेला. त्याच्या कलम ४ प्रमाणे कुणीही, शेजारीसुद्धा, संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. हिंसा होण्याची शक्यता वाटते, एवढंही कारण पुरतं. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. म्हणजे मामांना त्या दिवशी दोन वाटा होत्या. त्यांना एकच ठाऊक होती, कारण लहानपणापासून त्यांनी बैठकच पाहिली होती.

माहेर अडून बसल्याचं उदाहरण फार जुनं आहे. १८८४ मध्ये रखमाबाईंच्या नवऱ्याने बायकोने नांदायला यावं म्हणून मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला, तेव्हा त्यांच्या सावत्र वडिलांनी, डॉ. सखाराम अर्जुन यांनी, मुलीला धाडलं नाही. त्याच्या दोनच वर्षं आधी आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापली होती. निमित्त होतं सुरतेच्या एका तरुण विधवेच्या खटल्याचं. अर्भकहत्येबद्दल तिला फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. वर्तमानपत्रं सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर घसरली. ताराबाईंनी विचारलं की ज्यांनी हे रिवाज केले आणि चालवले, त्यांच्याकडे बोट का जात नाही? दोषाच्या वाटपावरचं इतकं धारदार पुस्तक या गावात लिहिलं गेलं, आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापेपर्यंत जवळजवळ कुणाला आठवत नव्हतं. ताराबाईंवर एक पूर्ण लेखांक द्यायचाय. तो देईनच.

आता त्या भावासाठी.

तुमचे वडील साक्षीला उभे राहतील. आज ते ज्या शरमेत आहेत त्या शरमेत ते बहुधा असं सांगतील की मुलगी सणाला आली होती, खुशीत परत गेली. किंवा उलट, शरम झाकायला न घडलेल्या चार गोष्टी जास्तीच्या सांगतील. दोन्ही घातक. १९८४ मध्ये मंजुश्री सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या, आणि त्या आजही प्रत्येक कोर्टात निघतात. मेलेल्या बाईने आधी लिहिलेलं, बोललेलं, तिच्या मृत्यूच्या परिस्थितीशी जोडलेलं असेल तर पुराव्यात येतं. मंजुश्रीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं तशीच आली. दुसरी गोष्ट : जवळची माणसं दुःखाच्या भरात भर घालून सांगतात, म्हणून त्यांची साक्ष फार जपून तोलावी. त्या खटल्यात पुराव्याची साखळी पुरी झाली नाही, संशयाचा फायदा मिळाला आणि आरोपी सुटला.

म्हणून वडिलांना समोर बसवा आणि सांगा, जसं घडलं तसंच सांगायचं. मुलगी राखीला आली. रडली. प्लॉटच्या पैशांवरून मारतात म्हणाली. आईने वळ पाहिले. बैठक झाली. नको म्हणत होती, तरी मी तिला चौथ्या दिवशी एसटीत बसवून दिलं. हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून निघणार नाही, मला माहीत आहे. पण उलटतपासणीत समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल : इतका छळ होता तर पाठवली कशाला? ते लपवलं असेल तर सगळी साक्ष तिथे कोसळेल. आधीच सांगितलं असेल तर मरणाच्या काही दिवस आधी ती काय म्हणाली होती, हे त्याच वाक्याने कोर्टापुढे येतं.

बैठकीचा कागद झाला असेल तर तो शोधा, मामांकडे असेल. तिचे व्हॉट्सॲपवरचे आवाजाचे निरोप पुसू नका, तो फोन बदलू नका, सरकारी वकिलांना आणि तपास अधिकाऱ्यांना त्याबद्दल लेखी कळवा. एसटीचं तिकीट आईच्या पिशवीत असेल तर तेही ठेवा. आणि वडिलांना एकटं कोर्टात पाठवू नका. मामांनी बरोबर जावं.

साठ दिवसांचं पुढच्या आठवड्यात.