सांता फेची पैज

ॲम्प्लिफायर कोणता घ्यावा असे कोणी विचारले, की मला वॅट आणि ब्रँड सुचण्याआधी बॉब कार्व्हर आठवतो. हा अमेरिकन अभियंता कित्येक वर्षे माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला आहे. १९८५ साली त्याने ‘स्टिरिओफाइल’ मासिकाशी पैज लावली : तुम्ही निवडाल त्या महागड्या ॲम्प्लिफायरचा आवाज मी माझ्या काही शे डॉलरच्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमधून हुबेहूब काढून दाखवतो. मुदत ४८ तास, जागा सांता फे, न्यू मेक्सिको.

समोर होते जे. गॉर्डन होल्ट. आकडे काहीही म्हणोत, यंत्र लावून ऐकावे आणि कानांना जाणवले ते लिहावे, हा समीक्षेचा रिवाज त्यांनीच १९६२मध्ये हे मासिक काढून रुजवला. त्यांनी एक भारी व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर पुढे ठेवला. तो कॉनराड-जॉन्सनचा ‘प्रीमियर फाइव्ह’ होता, हे पुढे उघड झाले.

कार्व्हरची युक्ती विलक्षण देखणी आहे. दोन्ही ॲम्प्लिफायरना एकच संगीत द्यायचे आणि स्पीकर दोघांच्या ‘प्लस’ टोकांमध्ये जोडायचा. दोघे तंतोतंत सारखे असतील, तर स्पीकर गप्प. जे काही ऐकू येईल, तो निव्वळ फरक. मग आपल्या सर्किटमधले भाग बदलत तो फरक मारत जायचे. कार्व्हर ७० डेसिबेलपर्यंत उतरला. म्हणजे उरलेला फरक मूळ सिग्नलच्या सुमारे तीन हजाराव्या हिश्श्याएवढा. परीक्षकांनी ऐकले आणि हार मानली.

यावरून ‘सगळे ॲम्प्लिफायर सारखेच’ असे म्हणणारे मला पटत नाहीत. फरक मुळात होता, म्हणून तर कार्व्हरला खपावे लागले. पण तो बराचसा साध्या ओहमच्या नियमात बसतो. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स १ ओहम धरा. स्पीकरचा इम्पीडन्स स्वरागणिक ४ ते २० ओहम हलत असेल, तर आवाजात दीड डेसिबेलचा चढउतार आपोआप येतो, आणि तो कानाला कळतो. ट्रान्झिस्टरमध्ये ०.१ ओहम असेल, तर हाच चढउतार पाव डेसिबेलही भरत नाही. म्हणून स्पीकरचा इम्पीडन्स-आलेख न पाहता ॲम्प्लिफायरवर लाखो रुपये घालणे मला अजिबात मान्य नाही. शोरूममध्ये तुलना करताना दोन्हींची पातळी मीटरने जुळवून घ्या. किंचित मोठा आवाज आपल्याला नेहमीच ‘खुला’ वाटतो.

पुढची कहाणी कडवट आहे. कार्व्हरने तोच आवाज ‘एम-१.०टी’ नावाने बाजारात आणला. कारखान्यातून आलेल्या नगाची मूळ ॲम्प्लिफायरशी पहिल्याइतकी जुळणी होत नाही, असे स्टिरिओफाइलने छापले. भांडण कोर्टात गेले, तडजोडीने मिटले. या टीकेनंतर कार्व्हरने स्वतःच ‘सिल्व्हर सेव्हन’ हा अवाढव्य, महागडा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर बांधला आणि मग त्याचीही ट्रान्झिस्टर नक्कल काढली. मला यात त्याची खुन्नस दिसते, आणि ती आवडतेही.

होल्ट २००९मध्ये गेले. त्याआधी दोन वर्षे दिलेल्या मुलाखतीत ते म्हणाले, की कोणता ॲम्प्लिफायर वाजतो आहे हे लपवून ऐकण्याची चाचणी नाकारली, तिथेच या महागड्या ध्वनिविश्वाने आपली विश्वासार्हता घालवली. ती मुलाखत स्टिरिओफाइलनेच छापली.